बोल्ट किती आवळावा?



गावी जाण्यासाठी काचीगुडा स्टेशनावर आपण सर्वजण कधी ना कधी पहाटे उभे राहिलेलो आहोत. निजामाच्या राजवटीत १९१६ साली हे स्टेशन बांधले गेले. येथूनच पूर्वी निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना असे करीत थेट मनमाडपर्यंत मीटरगेज गाडी जात असे. आता ते अरुंद रूळ गेले, मोठे रूळ आले. एक माणूस मात्र तेव्हाही रुळांवरून पायी चालत असे आणि आजही चालतो. खांद्यावर हातोडा व पाना, हातात झेंडी. रेल्वेच्या भाषेत तो कीमॅन, आपल्या बोलीत चावीवाला. नेमून दिलेला टापू तो रोज पायी पाहतो. सैल झालेली चावी ठोकतो, सैल झालेला बोल्ट आवळतो आणि पुढे जातो. काल आवळलेला बोल्ट आज पुन्हा का पाहायचा, असे तो कधी विचारीत नाही.

आज ह्या माणसाची आठवण काढण्याचे कारण आपल्या शेतातले आहे. आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे येथे असली तरी जमीन नांदेड, बिलोली, देगलूरकडे आहे. पूर्वी तेथे बैल, नांगर व मोट होती. आता कडबा कुट्टीचे यंत्र आहे, पॉवर टिलर आहे, डिझेल इंजिन आहे, गवत कापण्याचे ब्रश कटर आहे, आणि हंगामात मळणी यंत्र भाड्याने येते. ही सारी यंत्रे थरथरतात, आणि थरथरणारे यंत्र नट-बोल्टांवरच उभे असते. तेव्हा बोल्ट नीट आवळणे हे काम आता कारागिराचे राहिलेले नाही. ते शेतकऱ्याचे झाले आहे.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपली चूक सांगावी, हे बरे.

तीन वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात आम्ही आपल्याच एका कुटुंबाच्या शेतावर नांदेड जिल्ह्यात गेलो होतो. ज्वारी निघाली होती, कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. कुट्टी यंत्राच्या चाकावरील एका पात्याचा बोल्ट झिजला होता. घरधन्याने बाजारातून नवा आणला. डोक्यावर कसलीही खूण नसलेला, साधा, स्वस्त. आम्हांस लहानपणापासून यंत्रांची हौस; आम्ही बाह्या सारल्या. पान्याच्या दांड्यात दोन फुटांचा पाईप घातला आणि सर्व जोर लावून बोल्ट आवळला. शेवटी तो किंचित मऊ लागला, पण फिरत राहिला. आम्हांस वाटले, छान बसला. घरधनी हसून म्हणाले, "आता हत्तीनं ओढलं तरी निघायचं नाही, फादर." ते ऐकून आम्हांस बरे वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

नवव्या दिवशी तो बोल्ट तुटला. पाते एका बाजूने सुटले, यंत्राच्या तोंडावर आपटले आणि त्याचा तुकडा उडून घरधन्याच्या उजव्या हातात, कोपराच्या खाली शिरला. जीव वाचला. पण आतली शीर कापली गेली आणि त्या हाताची दोन बोटे आज मिटत नाहीत. म्हैस आता त्यांची पत्नी पिळते. त्यांनी आम्हांस कधी एक शब्दही विचारला नाही. तो बोल्ट आम्ही आवळला होता, हे त्यांना माहीत आहे आणि आम्हांलाही.

तुटलेला बोल्ट आम्ही खिशात घालून काचीगुड्याला आणला आणि आपल्या धर्मग्रामातील एका निवृत्त रेल्वे फिटर काकांना दाखविला. त्यांनी चष्मा लावून पाहिले. बोल्ट मधोमध कमरेत बारीक झालेला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट व अर्धा चकचकीत होता.

"किती आवळला होता, फादर?"

"जितका आवळता आला तितका."

"म्हणजे तुटेपर्यंत," काका म्हणाले. "काळा भाग जुना आहे. हा पहिल्या दिवशीच तडकला. चकचकीत आहे तेवढ्यावर तो नऊ दिवस टिकला."

मग त्यांनी आम्हांस एक गोष्ट सांगितली, ती आम्ही कधी विसरणार नाही. रुळांच्या सांध्यावर फिशप्लेट असते, तिचे बोल्ट आवळण्यासाठी रेल्वे जो पाना देते त्याची लांबीच ठरवून दिलेली असते. माणूस कितीही दांडगा असो, त्याला लांब पाना मिळत नाही. कारण बोल्ट सैल राहिला तर सांधा उघडतो. आणि वाजवीपेक्षा जास्त आवळला तर आटे खराब होतात, उन्हात रुळाला सरकायला जागा राहत नाही. "जोर माणसाचा असतो, फादर," काका म्हणाले, "पण माप पान्याचं असतं."

बोल्ट धरतो कसा?

आपली समजूत अशी की बोल्ट खिळ्यासारखा आडवा राहून दोन भाग धरून ठेवतो. खरे तसे नाही. बोल्ट ही एक अत्यंत ताठ स्प्रिंग आहे. नट फिरविला की बोल्ट केसभर ताणला जातो आणि पूर्ववत आखूड होण्याच्या धडपडीत दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबतो. ह्या दाबामुळेच ते भाग सरकत नाहीत. ताण कमी, तर दाब कमी. मग भाग घसरू लागतात आणि बोल्ट सुटतो. ताण मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो, स्प्रिंग मरते, आणि मग तो कितीही आवळा, धरीत नाही. शेवटी मऊ लागते ते हेच. ज्या क्षणी आम्हांस "छान बसला" असे वाटले, त्याच क्षणी तो बोल्ट निकामी झाला होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातील शंभर पैशांपैकी सुमारे नव्वद पैसे नटाखालच्या व आट्यांच्या घर्षणातच खर्च होतात. बोल्ट ताणण्याच्या कामी जेमतेम दहा पैसे येतात. म्हणून आटे गंजलेले असले तर हाताला पुष्कळ जोर लागतो, पण बोल्ट सैलच राहतो. उलट आट्यांना तेल असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. केवळ हाताच्या अंदाजाने म्हणूनच फसगत होते.

थरथरीने नट का सुटतो, ह्याचाही शोध लागलेला आहे. १९६९ साली जर्मनीच्या गेर्हार्ड युंकर ह्या अभियंत्याने प्रयोगाने दाखविले की जोडलेले भाग आडवे, मागेपुढे घसरू लागले की आट्यांमधील पकड क्षणभर नाहीशी होते आणि नट आपोआप उलटा फिरतो. भाग घसरलेच नाहीत तर नट सुटत नाही. म्हणजे पुरेसा व बेताचा ताण हाच खरा कुलूपबंद. वॉशर नंतरची गोष्ट.

काट्याने मोजा

टॉर्क पाना नावाचा मापाचा पाना मिळतो. चार घरांनी मिळून एक घेतला तर परवडतो. तो नसला तरी अडत नाही. धान्याची पिशवी तोलण्याचा लटकता स्प्रिंगचा काटा बहुतेक घरी असतो. बोल्टाच्या मध्यापासून ३० सें.मी. अंतरावर, म्हणजे सुमारे एक फुटावर, पान्याच्या दांड्यास काट्याचा आकडा अडकवावा आणि काटा पान्याशी काटकोनात धरून सावकाश ओढावा. झटका देऊ नये. डोक्यावर ८.८ अशी खूण असलेल्या, कोरड्या व स्वच्छ पोलादी बोल्टासाठी ढोबळ मापे अशी:

६ मि.मी. बोल्ट (१० नंबरचा पाना): ३ किलो.
८ मि.मी. बोल्ट (१३ नंबरचा पाना): ८ किलो.
१० मि.मी. बोल्ट (बहुधा १७ नंबरचा पाना): १६ किलो.
१२ मि.मी. बोल्ट (बहुधा १९ नंबरचा पाना): २८ किलो.

पाना आखूड असून आकडा १५ सें.मी.वर लावावा लागला तर ओढ दुप्पट धरावी. आट्यांना तेल असेल तर पाचवा हिस्सा कमी करावा. ज्या बोल्टाच्या डोक्यावर खूण नाही तो मऊ समजावा. त्यास वरील मापाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडीच जास्त ओढ पुरते. आणि म्हणूनच तो पात्यास कधीही वापरू नये. ॲल्युमिनियमच्या भागात बसणारा बोल्ट ह्याहून हलक्या हाताने आवळावा, नाहीतर भागातील आटेच निघून येतात.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात माप दिले असेल तर तेच खरे. आमचे हे आकडे बाजूस ठेवावेत. पुस्तकात माप न्यूटन-मीटरमध्ये असते. त्या आकड्यास ३ ने भागले की एक फुटावर काट्याने किती किलो ओढायचे ते जवळजवळ बरोबर निघते. उदाहरणार्थ, ४८ न्यूटन-मीटर म्हणजे १६ किलो.

काम करण्याची रीत

१. प्रथम यंत्र मारावे. विजेचे असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावा. पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढावी. ट्रॅक्टरची किल्ली आपल्याच खिशात असावी, पोराच्या हातात नव्हे.

२. आटे तारेच्या ब्रशाने साफ करावेत. नट आधी हातानेच फिरवून बसवावा. हाताने दोन-तीन फेरे जात नसेल तर काहीतरी चुकले आहे. अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुताचा नट १२ मि.मी.च्या बोल्टावर जातो, पण ढिला बसतो आणि जोर दिला की आटे घसरतात. सुताचे सुताला व मिलिमीटरचे मिलिमीटरला.

३. एका भागास चार-सहा बोल्ट असतील तर एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नये. समोरासमोरचे, फुलीच्या आकारात घ्यावेत. पहिल्या फेरीत अर्धे, दुसरीत पाऊण, तिसरीत पुरते. इंजिनाच्या हेडचे बोल्ट इंजिन गार असतानाच, आणि पुस्तकात दिलेल्या क्रमाने.

४. नवीन यंत्र किंवा नवीन बोल्ट पहिल्या दिवशी तासाभराच्या कामानंतर थांबवून पुन्हा पाहावा. रंग, वॉशर व धातूचे तोंड दबून बसते आणि ताण उतरतो. सर्वांत जास्त बोल्ट ह्याच पहिल्या दिवसांत सुटतात.

५. नायलॉनची कडी असलेला नट हाताने सहज फिरू लागला की तो टाकून द्यावा. चपटा झालेला स्प्रिंग वॉशरही टाकावा. खिळा घालण्याचा नट असेल तर जुना वाकलेला खिळा पुन्हा वापरू नये.

६. बहुतेक ब्रश कटरच्या पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात. तो नेहमीच्या बाजूने आवळायला गेलात तर सुटतो, आणि सोडवायला गेलात तर आवळत जातो. पाईप घालून तो मोडणारे पुष्कळ आहेत.

७. नट आवळून झाला की त्यावरून यंत्राच्या अंगापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. घरात मुलींची नखे रंगविण्याची बाटली असते, ती पुरते. रोज सकाळी यंत्र चालू करण्यापूर्वी रेघा पाहाव्यात. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. ह्यास दोन मिनिटे लागतात. हीच आपली चावीवाल्याची फेरी.

मुद्दाम काढलेले बोल्ट

काही बोल्ट आपोआप सुटत नाहीत. ते आपण स्वतः काढतो. मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढी आत सारण्याची लांब पन्हळ असते. ती किमान ९० सें.मी. लांब व त्यातील ४५ सें.मी. वरून झाकलेली असावी, असे भारतीय मानक सांगते. हात ड्रमापर्यंत पोहोचू नये, एवढाच तिचा हेतू. मळणी यंत्रांत हात गमावलेल्या मजुरांची संख्या पाहून संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला. कायदा झाला, पण हंगामाच्या घाईत, सोयाबीन भिजेल म्हणून, भराभर भरता यावे म्हणून, चार बोल्ट काढून ते झाकण आपण बांधावर फेकतो. पट्ट्यावरची जाळीही तशीच पडलेली असते.

अनुवाद ह्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीस कठडा करावा. कठडा नसल्यामुळे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. कठडा तर लाकडाचा किंवा दगडाचा. पण परमेश्वराने त्यास धर्माची बाब मानले. यंत्राचे झाकण हा आपल्या शेतातला कठडा आहे. भाड्याच्या यंत्रावर पेंढी सारणारा मजूर आपल्या पंथाचा असो वा नसो, त्या दिवशी तो आपल्या गच्चीवर उभा आहे.

अपघात झालाच तर

प्रथम यंत्र बंद करावे. अडकलेला हात ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, चाक उलटे फिरवून मोकळा करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर सतत, किमान दहा मिनिटे, दाबून धरावे. मध्येमध्ये उघडून पाहू नये. आत शिरलेला तुकडा उपटू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हळद, चुना, तंबाखू, ग्रीस ह्यांपैकी काहीही लावू नये.

बोट तुटून पडले असेल तर ते शोधावे. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवल्यास ते खराब होते. असे जपलेले बोट पुन्हा जोडता येण्याची आशा कित्येक तास असते; मनगटापासून वरचा हात तुटला असेल तर मात्र सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात व तेलंगणातही आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

ज्यांना अपघात झालेला नाही त्यांनीही एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. सैल यंत्र जास्त थरथरते आणि ती थरथर मुठीतून हातात जाते. दिवसभर टिलर किंवा ब्रश कटर चालविल्यावर रात्री बोटांना मुंग्या येत असतील, गारव्यात बोटे पांढरी पडत असतील, तर ते साधा थकवा समजू नये. मुठीचे व इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट पाहावेत, अर्ध्या-पाऊण तासाने हातास विश्रांती द्यावी, आणि त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. हा विकार वाढला की पूर्ण बरा होत नाही.

शेवटची गोष्ट

आपण गावाकडची माणसे कष्टाला भीत नाही. आपला दोष वेगळा आहे. जेथे माप हवे तेथे आपण जोर लावतो. मुलगा ऐकत नाही, आणखी आवळा. सून बोलत नाही, आणखी आवळा. आणि एकदा आवळले की पुन्हा वर्षभर त्याकडे पाहायचे नाही. धर्मगुरूही ह्यातून सुटलेले नाहीत. संयम हा आपल्या धर्मात चार मुख्य सद्गुणांपैकी एक मानला आहे. तो दुबळ्यांचा गुण नव्हे, माप जाणणाऱ्याचा आहे. आणि रात्रीची विवेकतपासणी म्हणजे तरी काय? आपल्याच अंतःकरणाच्या रुळांवरून दिवसाकाठी एकदा पायी चालून येणे, आणि जे सैल झाले ते लहान असतानाच हाताने बसविणे.

तो तुटलेला बोल्ट आमच्या टेबलावर आहे. मागच्या सुगीस आम्ही त्याच शेतावर पुन्हा गेलो. नव्या पात्याचे बोल्ट ८.८ खुणेचे होते आणि घरधन्याने स्वतःच, डाव्या हाताने काटा ओढून, मोठ्याने आकडा वाचीत ते आवळले. पाईप मागितला नाही. झाल्यावर ते म्हणाले, "सोळा किलो झाले, फादर. बास." आम्ही रेघ ओढली.

येत्या रविवारी मिस्सानंतर फिटर काका धर्मगुरुनिवासाच्या अंगणात काटा व पाना घेऊन बसतील. आपापल्या यंत्राचे पुस्तक व एखादा जुना बोल्ट बरोबर आणावा. तरुणांनी अवश्य यावे. शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर ह्याच्या सणास, १५ मे रोजी, आपण अवजारांना आशीर्वाद देतो. ह्या वर्षी आशीर्वादाचे पाणी शिंपडण्यापूर्वी प्रत्येक यंत्रावरील रेघा आम्ही पाहणार आहोत. झाकण नसलेले यंत्र परत पाठविले जाईल. झाकण बसवून आणल्यावर त्यावर दुप्पट पाणी शिंपडू.

प्रभू आपल्या हातांचे व आपल्या हातांच्या कामाचे रक्षण करो.